घडवणाऱ्याच्या मनातलं

आमचं घर सुताराचं. अण्णांनी उभं आयुष्य तिफणी, वखर आणि बैलगाड्यांची चाकं करण्यात घालवलं. पुढे ट्रॅक्टर आले, पेरणीयंत्रं आली, आणि पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारातल्या तिफणी गोठ्याच्या भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. लोक त्या जळणाला फोडायचे. अण्णांच्या कानावर आलं की ते जाऊन मागून आणायचे. ऊनपावसात मुरलेली बाभूळ चुलीत जाणं त्यांना सोसायचं नाही. अशाच एका तिफणीचं दिंड त्यांनी आमच्या दाराच्या चौकटीला वर बसवलं आणि तिच्या चाड्याचं देवघरातलं अंगाऱ्याचं भांडं केलं. चाड्यातून बी खाली नळ्यांत उतरावं म्हणून बुडाला भोकं असतात. ती त्यांनी बारीक खुंट्या ठोकून बुजवली आणि वरून घासून घेतली. आजही रेणुकाईचा अंगारा घ्यायला हात घातला की बोटाच्या टोकाला त्या खुंट्या लागतात.

हे भांडं बी पेरायला घडवलेलं होतं. आता त्यात राख असते, आणि घरातली सगळ्यात पवित्र वस्तू म्हणून आम्ही तिला हात लावतो. मग त्याचं खरं काम कोणतं? ज्यानं ते घडवलं, त्याच्या मनात घडवताना जे होतं तेच का? तिफण घडवणारे अण्णा आणि भांडं करणारेही अण्णाच, त्यामुळे लहानपणी हा प्रश्न तिथेच थांबायचा. पण तोच प्रश्न माणसाला लावला की तो देवापर्यंत जातो. मला ज्यानं घडवलं, त्यानं माझं काम आधीच ठरवून ठेवलं आहे का? आणि ठरवलं असेल, तर दुसरं काही केलं की मी त्याच्याशी बेइमान होतो का?

हा प्रश्न पुन्हा वर आला तो माझ्या दुकानात आलेल्या एका डब्यामुळे.

पिंपळगाव रेणुकाई म्हटलं की बाहेरच्या माणसाला हिरवी मिरची आठवते. हंगामात परराज्यांतले व्यापारी इथं मुक्काम ठोकतात, काट्यावर गोण्या चढतात, गाड्या भरून निघतात. इथल्या एका आडतीवर काही वर्षांपूर्वी नेटवर्क स्टोरेजचा एक स्वस्तातला डबा बसवला होता. दोन हार्ड डिस्क बसतील एवढा, काळ्या प्लास्टिकचा. तो तारेनं राउटरला जोडायचा, म्हणजे आडतीवरचे सगळे कॉम्प्युटर आपल्या फायली त्याच्यात ठेवतात. दोन्ही डिस्कवर तोच मजकूर लिहिला जातो, एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहते. त्यात शेतकऱ्यांच्या पट्ट्या होत्या, काट्याच्या पावत्यांचे फोटो होते, आणि कुणी किती उचल घेतली त्याच्या याद्या होत्या. पुढे आडतीचा सगळा हिशोब इंटरनेटवरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये गेला. शेठनी दोन्ही डिस्क काढून कपाटात कुलूपबंद केल्या आणि रिकामा डबा माझ्या दुकानात आणून टेकवला. म्हणाले, ठेव नाहीतर भंगारात घाल.

मी स्क्रू काढून वरचं कवच उचललं. आत धुळीचा पापुद्रा, मिरचीचा वास अजून पंख्याच्या पात्यांवर. मधोमध पाटी, पाटीवर उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा, आणि एका कोपऱ्यात आतल्या आत खोचलेला नखाएवढा पेनड्राइव्ह. डब्याला सुरू होताना काय करायचं ते तो पेनड्राइव्ह सांगतो. कंपनीचा सगळा हेतू त्या नखाएवढ्या तुकड्यात लिहिलेला होता. बाकीच्या पाटीवर साठवण असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ठोकळ्याखालची चिप होती इंटेलची सेलेरॉन जे३३५५, २०१६ सालची, दोन कोअरची, दहा वॉटवर चालणारी. हीच जात स्वस्तातल्या छोट्या कॉम्प्युटरांतही घालतात. चित्र काढण्याची ताकद तिच्या पोटातच असते. आणि डब्याच्या मागच्या बाजूला एचडीएमआयचं तोंड होतं. साठवणीच्या डब्याला पडदा लागत नाही, तो कपाटात नाहीतर टेबलाखाली पडून असतो. आडतीवर ते तोंड कुणी वापरलं नव्हतं, त्याच्यावरची प्लास्टिकची टोपीसुद्धा जागेवर होती.

मी तो पेनड्राइव्ह काढून पाकिटात घालून ठेवला. दुसऱ्यावर डेबियन नावाचं लिनक्स बसवलं, मोडीत आलेल्या लॅपटॉपची चार जीबी रॅम रिकाम्या खाचेत बसवली, मागच्या तोंडाला दुकानातला जुना टीव्ही जोडला. दोन साधे गेमपॅड लावले. खेळ घेतले ते ज्यांच्या कर्त्यांनी मोकळे सोडलेत तेवढेच. चोरीचा एकही नाही, ते मला देवाच्या घरातलं वाटत नाही. सगळ्यांत चालला तो सुपरटक्सकार्ट. त्यात लिनक्सचं चिन्ह असलेला पेंग्विन आणि त्याचे सवंगडी छोट्या गाड्या पळवतात. शाळा सुटली की पोरं दुकानात येतात, पाळी लावून खेळतात. एकाचा बाप त्याच आडतीवर मिरची घालतो आणि बियाणं-औषधासाठी तिथूनच उचल घेतो. बापाच्या नावापुढचा आकडा ज्या डब्यात होता, त्याच डब्यावर ते लेकरू पेंग्विनला वळणावर घसरवतं आणि ओरडतं, काका, पहिला आलो. हे मी रोज बघतो आणि रोज मला ते एखाद्या पूजेइतकं खरं वाटतं.

आमच्या गावच्या कीर्तनकार महाराजांना ते पटलं नाही. ते अण्णांचे मित्र, वयानं आणि अभ्यासानं माझ्यापेक्षा खूप मोठे. सप्ताहाची पत्रिका टाइप करून घ्यायला आले होते. टीव्हीकडे बघत राहिले, मग डब्याकडे.

“हा शेठच्या आडतीवरचाच ना रे?”

“हो, महाराज.”

“हिशोब ठेवणारी वस्तू. तिला नाचायला कामून लावलं? ज्याला ज्यासाठी घडवलं, त्यानं तेच करावं. माणसानं बी अन् वस्तूनं बी.”

ते हसण्यावारी बोलत नव्हते. त्यांच्या मागे गीता उभी होती. तिसऱ्या अध्यायातला ३५वा श्लोक आणि अठराव्यातला ४७वा. आपला धर्म उणा वाटला तरी दुसऱ्याच्या धर्मापेक्षा तोच बरा, हे सांगणारी पहिली ओळ दोन्हीकडे जशीच्या तशी आहे. ती महाराजांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. गीतेला टाळून उत्तर देण्यात मला रस नाही. माझं उत्तर तिच्यातच असलं पाहिजे, नाहीतर ते मलाच पटणार नाही.

आधी डब्यापुरतं बोलू. ज्यासाठी घडवलं असं आपण म्हणतो, तेव्हा घडवणारा नेमका कोण? डब्याला घडवणारे अनेक आहेत. कवच आणि पेनड्राइव्ह भरणाऱ्या कंपनीच्या मनात साठवण होती. चिप करणाऱ्यांच्या मनात कसलाही स्वस्त कॉम्प्युटर होता. आणि असल्या बहुतेक डब्यांत चालतं ते लिनक्स. ते सुरू करणारा लिनस टोरवाल्ड्स हा तेव्हा हेलसिंकीचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यानं हे काम जाहीर केलं तेव्हा आपण एक छंद म्हणून हे करतोय असंच सांगितलं. पुढे २००१ साली त्यानं आत्मकथन लिहिलं, त्याचं नाव ‘जस्ट फॉर फन’. साठवणीच्या डब्याच्या मुळाशी असं एका पोराचं खेळणं आहे.

त्याच्याही मागे गेलं तर गोष्ट अजून रंगते. १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसननं ‘स्पेस ट्रॅव्हल’ नावाचा खेळ लिहिला होता. सूर्यमालेत यान फिरवायचं आणि ग्रहांवर उतरवायचं. मोठ्या कॉम्प्युटरवर तो खेळायचा तर एका डावाला ७५ डॉलरच्या आसपास खर्च यायचा. मग कोपऱ्यातलं, फारसं कुणी वापरत नसलेलं पीडीपी-७ हे छोटं यंत्र त्याच्या नजरेला पडलं. डेनिस रिची आणि त्यानं मिळून खेळ त्या यंत्रावर नव्यानं लिहून काढला. त्या खटाटोपात दोघांना त्या यंत्राची अंगकाठी कळली, आणि त्याच यंत्रावर युनिक्स जन्मलं. लिनक्स हे युनिक्सच्याच धर्तीवर बांधलेलं. म्हणजे पडून असलेल्या यंत्रावर खेळ चढवणं ही माझ्या दुकानात झालेली आगळीक नव्हे. जगातले बँकांचे, रेल्वेचे, रुग्णालयांचे हिशोब ज्याच्यावर चालतात, त्या परंपरेची सुरुवातच अशी आहे. महाराजांना हे सांगितलं तेव्हा ते लक्ष देऊन ऐकत होते. त्यांना गोष्टींची आवड आहे.

टोरवाल्ड्सनं १९९२ साली लिनक्स जीपीएल परवान्याखाली दिलं. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीतला. त्या चळवळीनं वापरणाऱ्याचे जे हक्क मांडले त्यांत पहिलाच, ज्याला ते शून्यावा म्हणतात, असा आहे की हा प्रोग्राम कोणत्याही कारणासाठी चालवायला तुम्ही मोकळे आहात. कारण घडवणारा ठरवणार नाही. त्यामुळेच १९९१चा तो छंद फोनांत गेला, तिजोऱ्यांत गेला, आणि २०२१ साली मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटी या छोट्या हेलिकॉप्टरमध्येही होता. स्वतःच्या मनातला हेतू वस्तूवर न लादणारा घडवणारा असू शकतो, याचा हा पुरावा आपल्या काळात, आपल्या डोळ्यांसमोर घडला आहे.

उलटंही घडलं आहे. सोनीनं २००६ साली प्लेस्टेशन ३ आणला तेव्हा त्यावर लिनक्स बसवायची सोय होती. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेनं तर असे १,७६० प्लेस्टेशन एकमेकांना जोडून २०१० साली एक महासंगणक उभा केला, खेळण्याला कामाला लावलं. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनीनं सुरक्षेचं कारण देऊन नव्या अपडेटमधून ती सोय काढून घेतली. माणसाच्या घरात, त्याच्या पैशानं घेतलेल्या यंत्रात घडवणाऱ्यानं पुन्हा हात घातला. हे वाचलं तेव्हा मला राग आला होता, आजही येतो.

आता प्रश्न असा की देव यांपैकी कुणासारखा?

उत्तराआधी मला आमच्या तालुक्यातल्या दोन वस्तू आठवतात. भोकरदन हे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुत इथल्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावच्या लोकांचा उल्लेख आहे. १९७३ साली इथं उत्खनन झालं, त्यात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती निघाली. तिच्याशी नातं सांगणारी दुसरी मूर्ती १९३८ सालीच पार इटलीत, पाँपेईच्या राखेत सापडली होती. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीनं ते शहर गाडलं तेव्हा ती तिथं कुणाच्या तरी घरात होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती आमच्या भागातल्या कारागिरानं घडवली असावी असं मानणारे अभ्यासक आहेत. तिच्या डोक्यापासून खाली एक भोक पाडलेलं आहे. कुणी म्हणालं आरशाची मूठ असेल, कुणी म्हणतं छोट्या टेबलाचा पाय असेल. तिचं काम कोणतं होतं यावर अजून एकमत नाही. काम विसरलं गेलं, आणि मूर्तीचं त्यात काहीच उणं झालं नाही. दागिन्यांनी मढलेली ती बाई दोन्ही बाजूंच्या दासींसह तशीच उभी आहे आणि जग तिकीट काढून तिला बघायला जातं.

दुसरी वस्तू अन्व्याचं देऊळ. बाहेरच्या भिंतीवर विष्णूच्या शक्तिरूपांच्या मूर्ती आहेत. त्यांवरून ते मुळात विष्णूचं असावं असं अभ्यासक मानतात. गाभाऱ्यात आज महादेवाची पिंड आहे. श्रावणात लोक तिला बेल वाहतात, आणि तिथं नमस्कार करताना आपण चुकीच्या देवळात आलो असं कुणाच्या मनातही येत नाही. बांधणाऱ्यानं ज्या देवासाठी शिळा चढवल्या त्याच्यापेक्षा वेगळा देव आत बसला आणि देऊळ देऊळच राहिलं. मी महाराजांना विचारलं, अन्व्याच्या महादेवाला तुम्ही परधर्मात आहेस म्हणाल का? ते म्हणाले, तिथं हरिहराचा प्रश्न आहे, डब्याचा नाही. ते म्हणणं खरं आहे, पण मला त्यातून जे हवं होतं ते मिळालं होतं. देवानं स्वतः दुसऱ्यासाठी बांधलेल्या घरात राहायला हरकत घेतलेली नाही.

ब्रह्मसूत्रांत, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, यावर सरळ चर्चा आहे. ३२व्या सूत्रात शंका घेतली आहे. कुणीही हेतू धरल्याशिवाय काही घडवत नाही, आणि पूर्ण असलेल्या ब्रह्माला हेतू असणार कसला? मग त्यानं जग घडवलं असं कसं म्हणायचं? ३३व्या सूत्रात उत्तर आहे की जगात दिसते तशी ही नुसती लीला. शंकराचार्य भाष्यात म्हणतात की सगळ्या इच्छा पुऱ्या झालेला राजा जसा काही मिळवायचं नसताना क्रीडा करतो, किंवा श्वास जसा बाहेरचं काही साधण्यासाठी नसून स्वभावानंच चालतो, तसं हे आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर येऊन बसलो. कारण सृष्टी घडवण्यामागे साधायचं असं काही नसेल, तर माझ्या कपाळावर ‘वापर: अमुक’ असं कुणी लिहिलेलंच नाही. देव कारखानदार नाही. तो खेळणारा आहे, आणि त्याच्या खेळात मला मोकळं सोडलेलं आहे.

मग स्वधर्माचं काय? इथं मी पुन्हा गीतेकडे येतो. दोन्ही श्लोकांची पहिली ओळ एक, दुसरी मात्र वेगळी आहे. तिसऱ्या अध्यायात परधर्माच्या भयाबद्दल सांगितलं आहे. अठराव्यात, जिथं सगळ्या गीतेचा शेवट गोळा होतो, तिथं स्वधर्म म्हणजे काय ते सांगितलं आहे, आणि तिथं शब्द येतो तो स्वभावाचा. स्वभावानं नेमून दिलेलं कर्म करणाऱ्याला दोष लागत नाही. जन्माचा दाखला, बापाचा धंदा यांतलं काही त्या ओळीत नाही. वरच्या श्लोकांत वर्णांची कर्मं सांगितली आहेत हे मला ठाऊक आहे, महाराजांनी ते लगेच दाखवलंही. पण तिथंही प्रत्येक वेळी कर्म स्वभावातून जन्मतं असंच म्हटलं आहे. आणि स्वभाव वरच्या लेबलावरून कळत नाही. अण्णा ओंडका आला की आधी त्याला टिचकी मारायचे, आवाज ऐकायचे, मग रेष कुठे वळते, गाठ कुठे आहे ते बघायचे, आणि त्यानंतर सांगायचे की याचं काय होईल. ओंडका आणणारा शेतकरी म्हणायचा वखर करा. अण्णा कधीकधी म्हणायचे, याचा वखर होणार नाही, पाळणा होईल.

हा भेद मी मनाशी घट्ट धरून आहे. हेतू घडवणाऱ्याकडे असतो, स्वभाव वस्तूत असतो. हेतू बदलता येतो, स्वभाव बदलता येत नाही, आणि दोन्हींची गल्लत केली की अन्याय सुरू होतो. कारण हेतू कुणीतरी सांगावा लागतो. देवाच्या मनातलं आम्हाला ठाऊक आहे, असं म्हणणारा माणूस मध्ये उभा राहतो. चोखोबांना मंगळवेढ्यात गावकामाला जुंपलं, पंढरीत देवळाबाहेर ठेवलं, आणि हे देवानंच ठरवलंय असं त्यांना सांगणाऱ्यांनी तोच हेतू वाचल्याचा दावा केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली जातिव्यवस्थेच्या निर्मूलनावर लिहिलेल्या भाषणात दाखवलं की जात ही नुसती कामांची वाटणी नाही, काम करणाऱ्या माणसांचीच ती वाटणी आहे, आणि तीही उतरंडीची. हे वाक्य ज्यानं आपल्या गावात घडताना पाहिलंय, त्याला ‘ज्याला ज्यासाठी घडवलं’ हे शब्द कानाला टोचल्याशिवाय राहत नाहीत. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकायला निघालो तेव्हा मलाही ऐकवलं गेलं होतं की सुताराच्या लेकरानं रंधा सोडून तारा कामून ओढाव्या. माझ्यावर जे आलं ते काहीच नाही. इतरांवर याच शब्दांनी डोंगर घातलेत.

संतांकडे बघावं तर गोरोबा कुंभार राहिले, सावतोबा माळी, नरहरी सोनार. धंदा कुणी टाकला नाही. महाराज हेच पुढे करतात, आणि त्यात वजन आहे. पण कुंभाराला मडकी करण्यासाठी घडवलंय असं मानणाऱ्या गावात गोरोबा संतांची परीक्षा घेणारे ‘काका’ झाले. तेरच्या त्या घरात चाक तेच होतं, माती तीच होती, आणि माणसात जे निघालं ते घडवणाऱ्या गावाच्या हिशोबात कुठेच नव्हतं.

कुंभाराचा दाखला निघाला म्हणून वेदान्तातली एक गोष्ट इथंच सांगतो. मडक्याला दोन कारणं लागतात, एक घडवणारा आणि दुसरी माती. कुंभार मडक्याबाहेर उभा असतो. पण ब्रह्म म्हणजे जगाचा कुंभार आणि जगाची माती दोन्ही, असं वेदान्त सांगतो. कंपनी डब्याच्या आत नाही. तिचा फक्त पेनड्राइव्ह आत आहे, तो काढला की ती संपली. देव मात्र माझ्या घडणीच्या मातीतच असेल, तर माझ्या स्वभावात जे दडलेलं निघेल ते त्याच्या विरोधात कसं जाईल? न वापरलेलं एचडीएमआयचं तोंड उघडणं म्हणजे तिथं बेइमानी नाही. तिथं ते त्याचंच काहीतरी उघडणं आहे. माझा विश्वास इथं येऊन टेकतो, आणि मी तो कुणाला हरवण्यासाठी सांगत नाही.

महाराजांनी यावर खरा घाव घातला. “मग काय बी करावं? हेतू नाही म्हटल्यावर धरबंद कशाचा?”

त्याचं उत्तर डब्यानंच दिलं होतं. एका पोरानं मोबाइलवर पाहिलेला एक नवा भारी खेळ यावर लावा म्हणून हट्ट धरला. लावून पाहिला. पडदा थिजला, ठोकळा हात लावू देईना, पंखा घरघरायला लागला आणि डबा बंद पडला. दहा वॉटच्या चिपचा तो स्वभाव नव्हता. दुसरा दिवसभर पोर हिरमुसलेलं होतं, पण त्याला मी आत दाखवलं, ठोकळा किती छोटा आहे ते. धरबंद असतोच. फक्त तो बाहेरच्या हुकमाचा नसून अंगच्या मर्यादेचा असतो, आणि तो उघडून, वापरून, हात लावूनच कळतो. माणसाचंही असंच आहे असं मला वाटतं, आणि म्हणून लेकराला लवकर शिक्का मारू नये.

महाराजांची दुसरी तक्रार जास्त जिव्हाळ्याची होती. खेळ म्हणजे वेळ घालवणं, आधीच पोरं मोबाइलला चिकटलीत. या काळजीशी मी पूर्ण सहमत आहे. मोबाइलवरचे कित्येक खेळ लेकराला उठू देत नाहीत. मध्येच पैसे मागतात, उद्या नाही आलास तर कमावलेलं जाईल म्हणून भीती घालतात. तिथं घडवणाऱ्याचा हेतू इतका जोरकस आहे की खेळणाऱ्याला जागाच उरत नाही. त्याला मी खेळ म्हणतच नाही, तो व्यापार आहे. शंकराचार्यांच्या त्या राजाला क्रीडेतून काही मिळवायचं नव्हतं. पेंग्विनच्या शर्यतीत मिळवायचं काही नाही, शर्यत संपली की संपली. दिवेलागणीला मी टीव्ही बंद करतो, पोरं कुरकुरत नाहीत, कारण मागे ओढणारं काही आत ठेवलेलंच नाही. लीला आणि धंदा यांतला फरक मला कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या कुरकुर नसण्यात जास्त स्पष्ट दिसला.

नव्या हंगामात आणखी एक झालं. पावसानं इंटरनेट दोन-दोन दिवस जाऊ लागलं आणि आडतीवर हिशोब अडकायला लागला. शेठ दुकानात आले. म्हणाले, तो डबा परत हिशोबाला लागेल का, निदान प्रत ठेवायला? पाकिटातला मूळ पेनड्राइव्ह काढायची गरजच पडली नाही. लिनक्सवर सांबा नावाचा प्रोग्राम बसवला की तोच डबा फायलीही सांभाळतो. डिस्क पुन्हा बसवल्या, शेठच्या फोल्डरला वेगळा पासवर्ड दिला, पोरांच्या खात्यातून तो फोल्डर दिसतसुद्धा नाही. आता रात्री आडतीवरून दिवसभराच्या पट्ट्या त्यात उतरतात आणि संध्याकाळी त्याच्यावर शर्यती चालतात. दोन्ही कामं एका अंगात, एकाचं दुसऱ्याला ओझं नाही. हे व्हावं असं ना कंपनीच्या मनात होतं ना माझ्या.

महाराजांना हे कळलं तेव्हा त्यांनी सप्ताहात अठराव्या अध्यायातला तो ४७वा श्लोक घ्यायचं ठरवलं. अजून ते माझ्याशी सहमत नाहीत. स्वभावाला मी फार मोकळं सोडतो, स्वभाव घडवावाही लागतो, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्यावर ते काय बोलतात ते ऐकायला मी पहिल्या रांगेत बसणार आहे. पत्रिकेचा मजकूर देताना त्यांनी विचारलं, कीर्तनात डब्याचा दाखला दिला तर चालेल का? मी म्हटलं, जरूर द्या, पण आडतीचं नाव घेऊ नका. समोर बसलेल्या निम्म्या लोकांची उचल त्याच्यात आहे.